गिअर कुणी टाकायचा?

स्पोर्ट्स कार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लाल रंग, दोन दारं, उघडं छप्पर आणि शेजारच्या सीटवर गॉगल लावलेलं कुणीतरी. माझ्याही डोळ्यांसमोर तेच येतं. मग बँक बॅलन्स बघितला की चित्र बदलतं. छप्पर परत बसतं, दारं चार होतात आणि गाडी आधी दुसऱ्याच कुणीतरी वापरलेली असते! म्हणूनच पुण्यात माझ्यासारखे बरेच जण फिरून फिरून एकाच गाडीपाशी येतात : टर्बो पेट्रोल इंजिनची सेकंड हँड पोलो. चाकणला बनायची, २०२२ मध्ये बंद झाली, तरी चाहते काही कमी होत नाहीत.

माझ्या यादीत दोन गाड्या होत्या. पहिली ऑफिसमधल्या सहकाऱ्याची जीटी टीएसआय. १.२ लिटर इंजिन, १०५ पीएस ताकद आणि ७-स्पीड डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. या मॉडेलला मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. दुसरी २०२१ ची १.० टीएसआय. ११० पीएस, ६-स्पीड मॅन्युअल. ही सापडली थेट आमच्या बुलडाणा जिल्ह्यात, चिखलीला, मावसभावाच्या ओळखीत. एमएच २८ नंबर बघूनच मी अर्धा विरघळलो होतो.

डोकं ऑटोमॅटिक म्हणत होतं. हिंजवडीत संध्याकाळी सहाला गाडी बाहेर काढणाऱ्याला कारण सांगायला नको. मन मात्र मॅन्युअलवर अडलं होतं. गिअर आपल्या हातानं टाकायचा नसेल तर ती कसली स्पोर्टी गाडी? सहकारी म्हणाला, ‘दोन दिवस घेऊन जा, चालवून बघ.’ शुक्रवारी रात्रीच निघालो. म्हटलं, निकाल गावी लावू.

पहाटे संभाजीनगरपाशी समृद्धी महामार्गावर चढलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. कारसाठी वेगमर्यादा १२० ची. सातव्या गिअरमध्ये गाडी अशी वाहत होती, की तासाभरात कळलं, इथे गिअरबॉक्सची परीक्षा होतच नाही. इथे परीक्षा असते ती डोळे उघडे ठेवण्याची. सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याचा भाग आला आणि पाय आपोआप सैल झाला. १ जुलै २०२३ च्या रात्री इथेच खासगी बस पेटून २५ जण गेले. गाडी विकत घेताना आपण शून्य ते शंभर किती सेकंदांत हे विचारतो. शंभर ते शून्य कसं, हे विचारायचं राहूनच जातं.

मेहकरला उतरून लोणार गाठलं. इतक्या जवळून जाताना सरोवर न बघता पुढे जाणं म्हणजे पाप! अवकाशातून आलेल्या एका दगडानं काळ्या बेसॉल्टमध्ये जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा केला. काठावर चहा पिताना मनात आलं, ब्रेक न लावता बुलडाण्यात आलेला हा पहिला पाहुणा.

आमच्या जिल्ह्यात कुणी भेटलं की पहिला प्रश्न असतो, ‘घाटावरचे की घाटाखालचे?’ बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार घाटावर. मोताळा, मलकापूर, खामगाव, शेगाव घाटाखाली. बुलडाणा शहर अजिंठ्याच्या रांगेवर बसलंय आणि मलकापूरकडे जायचं तर राजूर घाट उतरावा लागतो. गिअरबॉक्सची परीक्षा घ्यायची तर इथेच.

आधी चिखलीची मॅन्युअल. मालक शेजारी बसले आणि आम्ही बुलडाण्यावरून घाटात शिरलो. काय सांगू! वळणाआधी तिसरा, वळण संपताना थोडा ॲक्सिलरेटर, डावा हात आणि डावा पाय दोघं खूश. कॉलेजात पहिल्यांदा स्वतःची बाइक पळवल्यासारखं वाटलं. घरी आलो ते ठरवूनच, हीच घ्यायची.

दुपारी डीएसजी घेऊन पुन्हा निघालो. या वेळी बाबा शेजारी होते. बाबांनी तीस वर्षं ट्रक चालवला, बहुतेक वेळा कापसाचा, याच घाटातून. तीन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच बंद झाला. तेव्हापासून घरच्या गाडीची चावी खिळ्याला लटकलेली. ते याबद्दल काही बोलत नाहीत, फक्त आठवड्यातून एकदा गाडी पुसतात.

उतारावर मी ‘डी’मध्येच होतो. वेग जरा वाढला, की गिअरबॉक्स आपला वरचा गिअर टाकायचा आणि गाडी मोकाट सुटायची. मी ब्रेक दाबायचो. चौथ्या वळणावर बाबा म्हणाले, ‘‘ब्रेकवर पाय कायले ठेवून राह्यला सारखा? ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतराव लागते.’’

‘‘बाबा, ऑटोमॅटिक आहे. गिअर तीच टाकते.’’

‘‘टाकू दे ना. पण कोणता टाकायचा, हे तिले सांगाव लागते.’’

लिव्हर बाजूला सरकवून मॅन्युअल मोड घेतला, मागे दोनदा ओढला, तिसरा. इंजिननं गाडी धरली. उरलेला घाट ब्रेकला जेमतेम हात लावत उतरलो. इतके दिवस मी हाताचं कौतुक करत होतो. काम डोक्याचं होतं.

खाली सपाटीवर, कपाशीच्या शेतांजवळ, गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं, ‘‘चालवता का?’’ बाबांनी खाली वाकून बघितलं. ‘‘दोनच पेडल?’’ मग हळूच येऊन बसले. पहिल्याच मिनिटाला सवयीनं डावा पाय क्लच शोधायला गेला, रुंद ब्रेकवर पडला आणि आम्ही दोघं काचेपर्यंत जाऊन आलो! मग डावा पाय मागे घेतला. मोताळ्याकडे सहा-सात किलोमीटर गेले. एक शब्द नाही. परत वळताना म्हणाले, ‘‘घाट चढवून पाहू का?’’

चिखलीच्या मालकांना मी रात्री फोन करून नाही म्हटलं. मनापासून वाईट वाटलं. ती गाडी जास्त मजेची होती, हे आजही म्हणतो. पण ती एकट्या माझी झाली असती.

डीएसजी घेतली, डोळे उघडे ठेवून. दर सुट्टीत घाट चढायचं काम बाबांकडे आहे. उतरताना मी चालवतो, ते ऐकवतात.

तुम्हीही घेताय? मग हे बघाच

• डीएसजीत दोन क्लच असतात, एक विषम गिअरसाठी, दुसरा सम. ट्रायल थंड गाडीवर आणि ट्रॅफिकमध्ये, दोन्हीकडे घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके बसले, तर थांबा.
• गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर खर्च लाखात जातो. सर्व्हिस रेकॉर्ड बघा, स्कॅन करून घ्या, दुरुस्तीसाठी रक्कम बाजूला ठेवा.
• ट्रॅफिकमध्ये इंच-इंच सरकू नका, क्लच तापतो. पुढे जागा होऊ द्या, मग निघा.
• धास्ती वाटत असेल, तर २०२० नंतरच्या १.० टीएसआयमध्ये ६-स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकही मिळते.
• फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या.