गुन्हेगार कोण : लपवणारा की लपवायला लावणारा?

आई किंवा वडील वारल्यावर मुलांना त्यांचं लपवलेलं आयुष्य सापडतं, या कथानकावर जगभर रहस्यकादंबऱ्या लिहिल्या जातात. वाचकाला एकच उत्सुकता असते : बापाने असं काय केलं होतं? मित्रहो, आपण हा प्रश्न उलटा करून वाचायला हवा. बापावर ही वेळ कोणी आणली?

फिलिप रॉथची 'द ह्यूमन स्टेन' (२०००) ही रूढ अर्थाने रहस्यकादंबरी नाही, पण तिचा गाभा तोच आहे. कोलमन सिल्क या प्राध्यापकाला सगळे ज्यू समजतात. एका शब्दावरून त्याच्यावर वंशद्वेषाचा ठपका येतो आणि तो नोकरी सोडतो. तो गेल्यानंतर त्याची बहीण निवेदकाला सांगते की कोलमन स्वतःच काळ्या कुटुंबातला होता. रंग उजळ, म्हणून खपून गेलं. लग्नाआधी त्याने जन्मदात्या आईला तोडलं; तिला नातवंडं कधीच भेटली नाहीत. त्याच्या चार मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

हे केवळ कादंबरीत घडत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे समीक्षक अनातोल ब्रॉयार्ड १९९० साली वारले. त्यांचा जन्म न्यू ऑर्लिन्सच्या मिश्रवंशीय कुटुंबातला, हे मुलांना कळलं ते वडील मृत्युशय्येवर असताना, तेही आईकडून. पुढे मुलगी ब्लिस हिने शोध घेऊन २००७ साली 'वन ड्रॉप' हे पुस्तक लिहिलं. काळ्या रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस काळा, हा अमेरिकेतला जुना नियम. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारा नियम आपल्याला नवा नाही.

बाबुराव बागुलांच्या गाजलेल्या कथेचं नाव आठवा : 'जेव्हा मी जात चोरली होती'. डोक्यावर छप्पर हवं म्हणून जात लपवली, तर चोर कोण ठरतो? तोच, ज्याला छप्पर नाकारलं गेलं.

माझे बाबा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत काही भाडेपावत्या मिळाल्या. नाव बाबांचं, आडनाव भलतंच. आईला विचारलं तेव्हा उलगडा झाला. नोकरीच्या गावी त्यांनी चार वर्षं जात लपवली होती. बाबासाहेबांची तसबीर कपाटाच्या दाराला आतून लावलेली असायची. आजी भेटायला यायची ती अंधार पडल्यावर, कारण तिच्या बोलीवरून घरमालक ओळखेल ही भीती. आई म्हणाली, "तुझा जन्म त्याच घरातला. भर पावसाळ्यात ओल्या बाळंतिणीला घेऊन कुठं गेले असते ते?"

एक नातेवाईक बाबांना भेकड म्हणाले. मला ते मान्य नाही. लपवण्याची किंमत मोठी असते, हे खरंच; आजीने ती अंधारात चालून मोजली. पण आरोपीच्या पिंजऱ्यात बाबांना उभं केलं की घरमालक निर्दोष सुटतो, आणि त्याच्यामागे उभी असलेली व्यवस्थाही.

खुद्द बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरावं लागलं. पुढे काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. परदेशी पदव्यांचाही उपयोग झाला नाही. पण बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवला. लिहिला म्हणून तो त्यांचं गुपित न राहता समाजाविरुद्धचा पुरावा झाला.

फरक इथे आहे. न सांगितलेली गोष्ट मुलांना बापाचा गुन्हा वाटते; सांगितलेली गोष्ट इतिहास होते. म्हणून घरात वडीलधारी माणसं आहेत तोवर त्यांच्यापाशी बसा. कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणी काय विचारलं आणि काय लपवावं लागलं, हे विचारा आणि लिहून काढा. ट्रंक उघडायची वेळ येईपर्यंत थांबू नका.

जय भीम!