तीन बावड्यांची वाट

गळीत हंगाम संपला की कसबा बावड्याच्या हवेतून मळीचा वास निघून जातो. राजाराम कारखान्याचं धुराडं गप्प होतं, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसेनासे होतात, आणि मे सरता सरता वळीव येऊन गेला असेल तर पहाटे नुसती ओली माती दरवळते. माझी मोठी फेरी याच दिवसांत असते. बावड्याहून निघायचं, सायकलीवर समुद्र गाठायचा, एक रात्र तिथं काढायची आणि परत यायचं.

निघताना मी आधी उलट्या दिशेला, राजाराम बंधाऱ्यावर जातो. जायचं असतं पश्चिमेला, पण नदीला न बघता निघवत नाही. बंधारा कोल्हापूर पद्धतीचा आहे. दगडी खांब, खांबांना खाचा, खाचांत बसवायचे बर्गे. पावसाळा सरला की बर्गे घालून पाणी अडवायचं आणि पुढचा पाऊस तोंडावर आला की काढून नदीला वाट द्यायची. पहाटेच्या अंधारात पंचगंगा दिसत नाही, खांबांना घासून जाणारा तिचा आवाज तेवढा येतो. ती पूर्वेला निघालेली असते. शिरोळीच्या पुलाखालून, इचलकरंजीवरून नृसिंहवाडीला कृष्णेत, आणि कृष्णेचा हात धरून आंध्रात हंसलदीवीपाशी बंगालच्या उपसागरात. अरबी समुद्र बावड्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तरी आमच्या दारातलं पाणी त्याच्याकडं पाठ करून अख्खा देश ओलांडतं. लहानपणी भूगोलाच्या पुस्तकात हे वाचून पाठ केलं होतं. ते अंगात उतरलं सायकलीमुळं.

बावडेकरांना नदी फूट-इंचांत कळते. बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी उठल्यावर चहाच्या आधी आम्ही एकमेकांना हाच आकडा विचारतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये तो पंचावन्नाच्याही वर गेला. हायवे बंद, शेतं गडप, आणि शहरात पाऊस उघडलेला असतानाही पाणी चढतच होतं. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून आम्ही वीट-वीट मोजत होतो. आभाळ निवळलेलं आणि पाणी वाढतंय, हे बघताना मनात एकच प्रश्न होता, हे येतंय कुठनं? 2021 च्या जुलैत पुन्हा तेच झालं. माझ्या फेऱ्यांना खरी दिशा त्या प्रश्नानं दिली. त्याआधी मी जोतिबाचा डोंगर चढायचो, पन्हाळ्याला जाऊन झुणका-भाकरी खाऊन यायचो. पुरानंतर मी पाण्याच्या उलट जायला लागलो.

बंधाऱ्यावरून मागं वळून भगवा चौक ओलांडला की थोड्याच वेळात लक्ष्मी विलास येतो. 26 जून 1874 ला राजर्षी शाहू महाराज जन्मले ते या घरात. मी तिथं थांबत नाही, फक्त पायडल थोडं हलकं होतं. पुढं गाव जागं व्हायच्या आत रंकाळा, फुलेवाडी, आणि उजाडताना बालिंग्याचा पूल. पुलाखाली भोगावती. ती राधानगरीच्या धरणातून येते. लेकीच्या नावानं गाव वसवून महाराजांनी ज्या धरणाचं काम सुरू केलं, तेच हे. एकाच तासात मी त्यांच्या पाळण्यापासून त्यांच्या पाण्यापर्यंत पोचलेला असतो, आणि दरवेळी या पुलावर माझा एक पाय खाली टेकतोच.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती, अशी पंचगंगेची पाच नावं. कळ्याच्या पुढं सोबतीला कुंभी असते. ती कधी उसाआड जाते, कधी रस्त्याच्या जवळ येऊन झाडांच्या रांगेतून चमकते. मोटारीतून जाताना हा रस्ता सपाट वाटतो. सायकलीला तो तसा कधीच वाटत नाही. डोळ्यांना चढ दिसत नसतो, पण मांडीला कळतं की जमीन वर चाललीय. दर दहा-पंधरा मिनिटांनी मागचा एक गिअर हलका करावा लागतो, आणि तेवढंच ते कळणं. नदी ज्या उतारानं खाली येते तोच उतार मी उलटा चढत असतो. मांडुकली, खोकुर्ले या गावांपाशी मोठ्या पावसात हा रस्ताच पाण्याखाली जातो. उन्हाळ्यात तिथल्या शेतांच्या बांधांवर मागच्या पुरानं आणलेला पाचटाचा कचरा झुडपांच्या कमरेला अडकून वाळलेला असतो. माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. आमच्या गल्लीतल्या पाण्यानं आधी इथं मुक्काम केलेला होता.

हळूहळू ऊस विरळ होतो. काळी माती तांबूस व्हायला लागते, भाताच्या खाचरांच्या पायऱ्या दिसतात, पेरणीआधी भाजून ठेवलेले तरवे दिसतात. असळजच्या अलीकडं एका टपरीवर चहाला थांबलो असताना बाकावरच्या म्हाताऱ्या बाबांनी विचारलं होतं,

“कुठनं आलासा पाव्हणं?”

“बावड्यासनं.”

“आणि निघालासा कुठं?”

“बावड्याला.”

बाबा माझ्याकडं बघत राहिले. इकडच्या लोकांना बावडा म्हणजे गगनबावडा, आम्हाला बावडा म्हणजे कसबा बावडा. उलगडा झाल्यावर ते म्हणाले, “मग खालच्या बावड्याला बी जाऊन या की. भुईबावड्याला.” तोवर मी घाट उतरलो होतो तो करूळचा. तीन बावडे एकाच वाटेवर आहेत, हे त्या बाकावर पहिल्यांदा ध्यानात आलं. कसबा, गगन, भुई. त्या दिवसापासून फेरी तशीच ठरली. जाताना करूळ, येताना भुईबावडा.

गगनबावडा कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटर. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, इथं त्याच्या पाचपट आणि वर. जूनच्या आधी गेलं तरी हे जाणवतं. घरांच्या भिंतींवर शेवाळाचे जुने काळे ओघळ, छपरं खोल उतरलेली, वळचणी लांब. बसस्टँडजवळ सायकल टेकवून मी हाततोंड धुतो आणि तिथल्या धुक्यात मला माझ्या प्रश्नाचं उत्तर उभं दिसतं. पूर येतो तो इथनं. अरबी समुद्रावरून ढग येतात, सह्याद्रीची ही भिंत त्यांना वर ढकलते, ते गार होतात आणि कड्याच्या माथ्यावर मोकळे होतात. जे थेंब माथ्याच्या अलीकडं पडले ते कुंभीतून आमच्याकडं. जे हातभर पलीकडं पडले ते घाटाखालच्या ओढ्यांतून वाघोटणच्या खाडीत, आणि एक-दोन दिवसांत पुन्हा जिथून आले त्या समुद्रात.

गावाबाहेर रस्ता एक वळण घेतो आणि जमीन संपते. खरंच संपते. घाटमाथ्यावर पहिल्यांदा येणारा माणूस इथं ब्रेक दाबतोच. पंचावन्न किलोमीटर आपण कळत न कळत चढत आलो, आणि समोर अख्खं कोकण एकदम खाली पडलेलं. दख्खनचं पठार पूर्वेकडं कललेलं आहे, म्हणून आमच्या बाजूनं चढण असं काही नाही, आणि पश्चिमेला नुसता कडा. करूळ घाटात ब्रेक दाबून बोटं दुखतात. कानात हवा भरते, खालून गरम, खारट नसलेली पण जड हवा येऊन चेहऱ्याला भिडते. वळणावर करवंदं विकणाऱ्या बायका बसलेल्या असतात. पानांच्या द्रोणातली काळी करवंदं, जिभेला चिकटणारा त्यांचा चीक. पुढं वैभववाडी, तळेरे, मग जांभ्याच्या सड्यांवरून चढउतार करत पडेल आणि विजयदुर्ग. या शेवटच्या पन्नासेक किलोमीटरांत घाटापेक्षा जास्त घाम जातो. चढ छोटे असतात, पण संपत नाहीत, आणि फणसाच्या वासानं भूक नको इतकी लागते.

विजयदुर्गला खाडीच्या तोंडाशी पाय पाण्यात सोडून बसलो की मला गाव आठवतं. किल्ल्याचे बुरूज तीन बाजूंनी पाण्यात उभे असतात, मागं वाघोटणची खाडी डोंगरातून वाट काढत आलेली असते. जाळी आवरणाऱ्या एका काकांनी “खंयसून इलात?” विचारलं आणि कोल्हापूर ऐकल्यावर सायकलीकडं बघून दोनदा पुन्हा विचारलं. पलीकडं आभाळ गच्च होतं. मॉन्सून दोन दिवसांवर असेल, असं ते म्हणाले. तो ढगांचा पट्टा मी बराच वेळ बघत होतो. कुंभीत उतरायचं पाणी त्यातच कुठंतरी होतं, अजून कोणाच्याच मालकीचं नसलेलं.

परतीला खारेपाटण, उंबर्डे करत भुईबावडा. खरं सांगायचं तर या सबंध वाटेवर मला सगळ्यात जवळचं हे गाव वाटतं. भाताची खाचरं, आंब्याची कलमं, लाल रस्ता, आणि मान वर केली की कडा. त्या कड्याच्या टोकाला, ढगांत, दुसरा बावडा. आमच्या बाजूनं कितीही वेळा गेलो तरी गगनबावड्याला गगन का म्हणतात हे मला कळलं नव्हतं. इथं उभं राहून वर बघितलं तेव्हा वाटलं, ते नाव खालच्या माणसांनीच ठेवलं असणार.

घाट चढताना बोलायला श्वास उरत नाही. सगळ्यात हलका गिअर, पुढच्या चाकापुरता रस्ता, आणि कडेच्या गटारीतून माझ्या उलट धावणारं रात्रीच्या वळवाचं पाणी. प्रत्येक वळणावर ते मला सोडून समुद्राकडं जातं. तास-दीड तासानं एका वळणानंतर पायांवरचा भार अचानक सुटतो, आणि लक्षात येतं की आता गटारीतलं पाणीही माझ्याबरोबर निघालंय. तिथं पाटी नाही, दगड नाही. मी मात्र तिथं उतरतो.

संध्याकाळी बावड्यात शिरलो तेव्हा सायकलीची नळी, चेन, मडगार्ड, सगळं भुईबावड्याच्या लाल चिखलानं माखलेलं होतं. घरी न जाता तशीच बंधाऱ्याच्या घाटावर नेली. बादलीभर पाणी मडगार्डवर ओतलं, बोटांनी चिखल खरवडला. विजयदुर्गाला जायची ती माती पायरीवरून नदीत उतरली, खांबापाशी क्षणभर तांबडी फिरली आणि शिरोळीकडं निघून गेली.