तूप कुणाचं, हे रंग सांगत नाही



गेल्या मे महिन्यात डोंबिवलीच्या एका काकूंनी तूप परत केलं. "दादा, पांढरट आहे. म्हशीचं मिसळलंय." तूप माझ्याच गाईंचं. आठ वर्षांचं गिऱ्हाईक तुटलं आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

पिवळेपणा येतो हिरव्या चाऱ्यातल्या कॅरोटीनमुळे. म्हैस त्याचं व्हिटॅमिन ए करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. पण उन्हाळ्यात आपल्या मुरबाडकडे गाईलाही सुका पेंढाच. मग तिचंही तूप फिकं पडतं.

फॅट-एसएनएफची पावती इथे कामाची नाही. दूध किती कसाचं ते ती सांगते, कुणाचं ते नाही. त्यासाठी हंसा चाचणी. काचपट्टीवर गाईच्या दुधाच्या थेंबात खास सिरम मिसळतात. म्हशीचं दूध असेल तर बारीक गुठळ्या दिसतात. सिरम दुधातलं प्रोटीन ओळखतं आणि तुपात ते जवळपास उरतच नाही. म्हणून नमुना दुधाचाच द्या. पीसीआर चाचणी तर थेट जनावराचा डीएनए बघते. लॅबला "दूध कोणत्या जनावराचं ते तपासा" असं लिहूनच द्या.

नमुना भरताना माझंच डोकं ठिकाणावर आलं. गाय-म्हशीला कॅन एकच! नीट न धुतलेल्या कॅनमधलं थोडंसं दूधही पीसीआरमध्ये उमटतं. म्हणजे काकू अगदीच चुकल्या नव्हत्या.

आता लाल झाकण गाईचं, निळं म्हशीचं. रिपोर्ट आला की आधी काकूंकडे जाणार.