शिकाऊ हातांसाठी कोरडी वाट

पाऊस सुरू झाला की ठाणे-डोंबिवलीकडचे नवे जीपवाले चिखल शोधू लागतात. मला मात्र वाटतं, शिकायचं तर भात कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत, कल्याण-मुरबाड रस्त्यापलीकडच्या मातीच्या गाडीवाटांवर. चिखलात चाक जागच्या जागी फिरतं तेव्हा चूक नेमकी कुठं झाली, हे नवख्याला उमगतच नाही. कोरड्या मातीवर ते लगेच कळतं: उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडी आवरतं, ब्रेक दाबून धरला तर चाकं घसरतात, टायरमधली हवा थोडी कमी केली की पकड वाढते (डांबरावर परतताना ती पुन्हा भरायलाच हवी). यात थरार कुठला, असं कुणी म्हणेल. पण पावसाळ्यातल्या त्या चिखलात कुणाचं तरी भातखाचर असतं, आणि चाकाखाली फुटलेला बांध म्हणजे वाहून गेलेलं पाणी नि माती. मग घराजवळचं येऊर काय वाईट? येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्यांचं घर. तिथं रानात गाडी घालणं मला कदापि मान्य नाही. या कोरड्या वाटांवर फोर बाय फोर नसली तरी फारसं अडत नाही. जमिनीपासून उंच गाडी, सोबतीला दुसरी गाडी आणि गावकऱ्यांना आधी विचारण्याची सवय एवढं पुरतं.