मनाची किर्द

आपल्या डोक्यात दिवसभर जे चालतं ते इतकं रटाळ असेल अशी मला कल्पना नव्हती. वाचन बऱ्यापैकी, चार माणसांत बोलायची वेळ आली तर विषयांची वानवा नाही; तेव्हा डोळे मिटून बसलं की आतून काहीतरी बरं निघेल अशी माझी समजूत होती. निघालं ते असं: सिलिंडर संपत आला असेल का. बाईला दिलेली उचल. निरमाच्या जाहिरातीची चाल, तीही अर्धीच. डोंबिवलीच्या फलाटावर कधीकाळी हुकलेली लोकल. पुन्हा सिलिंडर. मग एकाएकी, काही संबंध नसताना, शाळेतल्या एका मुलीची डबा उघडायची लकब. आणि परत सिलिंडर.

हे उमगलं ते इगतपुरीला. कसाऱ्याहून गाडी घाट चढून वर येते, डोंगरांच्या कुशीत धम्मगिरी आहे, आणि १९७६ पासून तिथं विपश्यनेची शिबिरं चालतात. दहा दिवसांचं शिबिर. पहाटे चारला घंटा होते, साडेचारला बसायचं, आणि जेवण, विश्रांती, संध्याकाळचं प्रवचन वगळता रात्री नऊपर्यंत बसत राहायचं. बोलणं बंद, खाणाखुणा, नजरानजरसुद्धा बंद. मोबाइल, पुस्तक, वही, पेन आधीच जमा करून घेतात. मोबाइलचं मला काही वाटलं नाही. पेन गेलं तेव्हा मात्र हात रिकामे पडले. आयुष्य बँकेत गेलेल्या बाईला काहीही दिसलं की टिपून ठेवायची खोड असते, आणि इथं तर टिपण्यासारखं एवढं निघत होतं!

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्या आणि वरच्या ओठाची जागा, इलाखा एवढाच. श्वास मोठा करायचा नाही, लहान करायचा नाही, आत जातोय की बाहेर येतोय एवढं जाणायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. दोन श्वास होतात न होतात तोच मन गॅस एजन्सीच्या रांगेत उभं असतं, आणि ते तिथं कधी गेलं याचा पत्ताच लागत नाही. मला सगळ्यात जास्त नवल वाटलं ते याचं. विचार मी करते असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात ते येत होते. मला न विचारता, चपला न काढता येत होते.

अशा वेळी मराठी माणूस काय करतो? मनाला रागावतो. आपल्याकडे ही फार जुनी रीत आहे. समर्थांनी मनाला समोर बसवून दोनशे पाच श्लोक ऐकवले, तुकोबांनी त्याला कधी विनवलं, कधी फटकारलं, आणि घरोघरच्या आज्यांनी तो वसा पुढे चालवला. माझी आजी माळ ओढता ओढता मनाला दटावायची आणि त्याच दमात काकूलाही. त्यामुळे मन भरकटलं की त्याला कान धरून आणायचं हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. मीही तेच करत होते. रागावण्यात अर्धा तास जायचा, आणि रागावणं हाही एक विचारच असतो हे ध्यानात यायला आणखी अर्धा.

याला एक सणसणीत अपवाद मला आठवत राहिला. बहिणाबाई चौधरी. त्यांची मनावरची कविता शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते, पण तिच्यात मनाला एकही उपदेश नाही, हे मला इतक्या उशिरा जाणवलं. तू असं वाग, तसं वागू नकोस, काही नाही. नुसतं पाहणं आहे. शेतात राबणाऱ्या बाईनं कडव्यामागून कडव्यात नोंदवत नेलेलं. आणि शेवटी विचारायचंच झालं तर त्यांनी मनाला न विचारता थेट देवाला विचारलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईची गाणी १९५२ मध्ये पुस्तकरूपानं आली. विपश्यना हा शब्द त्यांच्या कानावरून गेला असण्याचा संभव जवळजवळ नाही. पण मनाकडे न रागावता पाहणं म्हणजे काय हे कुणाला मराठीत समजावून घ्यायचं असेल तर त्यानं आधी तिकडे जावं, असं माझं मत आहे.

धम्मगिरीवर जी पद्धत शिकवतात ती सत्यनारायण गोयंकांनी ब्रह्मदेशातून आणली. १९२४ साली मंडालेत जन्मलेला हा मारवाडी व्यापारी. त्यांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले अकाउंटंट जनरल. सरकारी हिशेब तपासायचे आणि आपल्या कचेरीतल्या लोकांना ध्यानालाही बसवायचे. त्यांचे गुरू सया तेजी शेतकरी. म्हणजे शेतकऱ्याकडून हिशेबनिसाकडे, हिशेबनिसाकडून व्यापाऱ्याकडे अशी ही विद्या आली. १९६९ च्या जुलैत गोयंकांनी मुंबईत पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा बसायला चौदा माणसं होती आणि त्यांत त्यांचे आईवडीलही होते. या मधल्या हिशेबनिसाबद्दल कळलं तेव्हा मला उगाचच आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. कारण किर्द लिहायचा नियम मला ठाऊक आहे. जे घडलं ते, घडलं त्या क्रमानं लिहायचं. रक्कम आवडली नाही म्हणून गाळायची नाही, आवडली म्हणून दोनदा मांडायची नाही. आणि लिहिणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवायचं की पैसे आपले नाहीत. श्वासावर बसलेल्या माणसाला करायचं असतं ते एवढंच. सिलिंडर: एक नोंद. निरमा: एक नोंद. राग आला: तीही नोंद, लाल शाईनं नव्हे, नेहमीच्याच.

सिलिंडरच्या बाबतीत हे जमतं. खरी गंमत जुन्या येण्याची.

सासूबाईंच्या तेराव्याला पंगत उठल्यावर माझी नणंद चार बायकांत म्हणाली होती, ‘वहिनीला कुठला वेळ, तिला बँक होती ना!’ शेवटच्या दिवसांत रात्री-अपरात्री कोण उठत होतं, चादरी कोण बदलत होतं, हे त्या चौघींनाही माहीत होतं. एकही बोलली नाही. मीही बोलले नाही. तेव्हापासून बोलते आहे. भाजी निवडताना, लोकलमध्ये, दुपारी जरा डोळा लागता लागता मी ताईंना उत्तर देते. दर वेळी ते थोडं सुधारतं. सुरुवातीला त्यात नुसता राग होता, पुढे टोमणा आला, मग एक छानसा थंडपणा आला. आता ते इतकं घोटीव झालं आहे की नाटकात घातलं तर टाळी पडेल. ऐकायला मात्र कोणी नाही. ताई नागपूरला सुखात आहेत. हे वाक्य आपण कधी बोललो हेही त्यांना आठवत नसणार.

चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि मग रोज तीन बैठका अधिष्ठानाच्या, तासभर हात-पाय न हलवता, डोळे न उघडता. अशाच एका बैठकीत गुडघ्यात कळ सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग ताई आल्या. उठून ओट्यापाशी जायची सोय नाही, पंखा लावायची सोय नाही, कुणाला फोन करायची तर नाहीच. इथली शिकवण अशी की विचारात काय आहे त्याच्या मागे जाऊ नका, त्या वेळी अंगात काय होतंय ते पाहा. पाहिलं. जबडा आवळलेला. कानशिलं तापलेली. गळ्याच्या खाली, हाडाच्या वर, एक घट्ट गोळा. आणि मग एक गोष्ट दिसली जी इतकी वर्षं डोळ्यांपुढे असून दिसली नव्हती: ताप आधी येत होता, वाक्य मागून. मी समजत होते की ताईंचं बोलणं आठवलं म्हणून मला राग येतो. इथं अंग आधीच पदर खोचून उभं होतं, आणि भांडायला कोणी हवं म्हणून ताईंना नागपूरहून बोलावून घेत होतं. त्या दिवशी गुडघा दुखत होता, एवढंच मूळ कारण.

नेहमीप्रमाणे उत्तर द्यायला मी गेले नाही, तेव्हा तो ताप थोडा वेळ राहिला आणि उतरला. गोळा सैल झाला. मला फार मोठं काही गवसल्यासारखं वाटलं, आणि ते वाटेपर्यंत ताई पुन्हा हजर. या खेपेला मी उत्तर दिलं. सवय.

पाली ग्रंथांत हे अगदी कोरडेपणानं सांगितलं आहे आणि तो कोरडेपणा मला आवडतो. कुरू देशातल्या कम्मासदम्म गावी बुद्धानं सतिपट्ठानाचा उपदेश केला असं सुत्तात येतं. त्यात पाहायच्या चार गोष्टी: काया, वेदना, चित्त आणि धम्म. चित्ताच्या भागात सोळा अवस्था आहेत. मन सराग असेल तर सराग, द्वेषानं भरलेलं असेल तर तसं, आक्रसलेलं असेल तर आक्रसलेलं, विखुरलेलं असेल तर विखुरलेलं, एवढं जाणायचं. ‘मग ते दुरुस्त करा’ असं या यादीत एकाही अवस्थेपुढे म्हटलेलं नाही. मराठीत हा विषय आला तो मुख्यतः धर्मानंद कोसंबींमुळे. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस, शिक्षण जेमतेम, घरची माडाची बागायत. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचलं आणि जन्माचा ध्यास लागला. १८९९ मध्ये घर सोडलं, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपाला जाऊन भिक्षू झाले, ब्रह्मदेशात राहिले, पुढे फर्ग्युसनमध्ये पाली शिकवलं. त्यांचं ‘निवेदन’ वाचताना मला त्यांच्या पांडित्यापेक्षा त्यांचा खरेपणा जास्त भावला: आपल्या मनाची उलघाल लपवायचं त्यांना कारणच वाटलेलं नाही.

ब्रह्मदेशातच महासी सयादाव यांची पद्धत थोडी वेगळी आहे. पोटाचं वरखाली होणं पाहायचं, आणि विचार आला की मनातल्या मनात ‘विचार, विचार’ अशी नुसती नोंद करून परत पोटाकडे यायचं. गोयंकांच्या परंपरेत असं नाव देत नाहीत. अंगावरच्या संवेदनेशी राहतात. कुठली खरी, यावर तावातावानं बोलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांचे जबडे आवळलेले होते.

आता तर हे सगळं बाजारात आलं आहे. माइंडफुलनेस या नावानं ते ऑफिसांच्या ट्रेनिंगमध्ये असतं, मोबाइलवर ॲप असतात, एका मधाळ आवाजातली बाई ‘ढगांसारखे विचार जाऊ द्या’ म्हणत असते. याची सुरुवात वाईट नव्हती. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम काढला. त्यात एक मनुका हातात घेऊन ती बघत, हुंगत, सावकाश खायला लावतात. औषधांनी हात टेकलेल्या माणसांसाठी होतं ते. पण वेदनेनं गांजलेल्यांसाठी काढलेली गोष्ट, लोकांकडून दोन तास जादा काम काढून घेता यावं म्हणून वापरली जाते तेव्हा मला त्याचा राग येतो. तीही नोंद. गोयंका स्वतः ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते १९५५ मध्ये, अर्धशिशीनं हैराण होऊन. डोकेदुखी घालवायला म्हणून आलो असं सांगितल्यावर गुरूंनी त्यांना आधी नकार दिला होता. ही काही डोकं थांबवायची गोळी नव्हे, असा त्यांचा रोख. आज हा नियम लावला तर बहुतेक ॲप बंद करावे लागतील.

मग मिळालं काय, असं लोक विचारतात. शिबिराला पैसे घेत नाहीत, राहणं-जेवण जुन्या साधकांच्या दानावर चालतं, आणि एक शिबिर पूर्ण केल्याशिवाय तुमचं दानही स्वीकारत नाहीत; त्यामुळे वसुलीचा प्रश्न येत नाही. तरी विचारतात. खरं सांगायचं तर माझं मन शांत झालेलं नाही. सिलिंडर चालू आहे. ताईंचं वाक्यही येतं. फरक पडला तो इतकाच, की पूर्वी कानशिलं तापली की मला नणंद दिसायची, आता पुष्कळदा आधी कानशिलं जाणवतात. तेवढ्या वेळात कधी कधी पाणी पिता येतं. गेल्या दिवाळीत ताई आल्या होत्या. घोटून ठेवलेलं उत्तर द्यायची उत्तम संधी होती, चार बायकाही होत्या. मी चकल्या तळत होते आणि तेल जास्त तापलं होतं, म्हणून तिकडे बघत राहिले.

कुणाला जायचं असेल तर दोन गोष्टी सांगते. मनाच्या आजाराचे उपचार चालू असतील तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा, आणि अर्जात ते खरं खरं लिहा; तिथं ते विचारतात आणि विचारतात ते बरोबर आहे. दुसरं, गुडघे दुखत असतील तर पहिल्याच दिवशी खुर्ची मागून घ्या. देतात.