अन्वय

दिवाळीपूर्वीं घर झाडण्याचा वार्षिक विधि आमच्या नौपाड्यांतील घरीं अद्याप पाळला जातो. यंदां माळा झाडण्याचें काम माझ्या तेरा वर्षांच्या नातवाकडे आलें. जुनीं पंचांगें, वह्यांचे गठ्ठे असा ऐवज खालीं देतां देतां तो थांबला आणि एक पातळशी डबी पुढें करून म्हणाला, "आजोबा, ही सीडी कुणाची?" डबीच्या आंत त्याच्या वडिलांची सही होती आणि खालीं २०१३ हें साल.

मुंबईच्या 'कोशिश' नांवाच्या वाद्यवृंदाचा तो पहिला गीतसंग्रह, 'फिर्दौस'. गीतें हिंदी, वाद्यें विलायती. या प्रकाराला 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणतात, अशी माहिती नातवानें पुरविली. आमचे कान वेगळ्या वळणाचे. पंडित राम मराठे याच ठाण्यांत राहिले, आणि त्यांच्या नांवें होणारा महोत्सव मी गडकरी रंगायतनांत वर्षानुवर्षें ऐकत आलों. तेव्हां चिरंजीवांच्या जुन्या संगणकावर ती चकती सुरू झाली, त्या वेळीं मी केवळ नातवाच्या भिडेनें बसून राहिलों, हें कबूल करतों.

पुढें चौकशी केली तेव्हां समजलें कीं, या संगीताचा उगम १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांत झाला. तीन मिनिटांच्या सुटसुटीत गाण्याची चौकट त्या तरुणांना अपुरी वाटूं लागली. 'किंग क्रिम्सन' या वृंदाची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६९ मध्यें निघाली, तींत अवघीं पांच गाणीं होतीं. तींत मेलोट्रॉन नांवाचें एक नवलाचें वाद्य आहे. पेटीसारखी पट्टी दाबली कीं आंतील ध्वनिफीत फिरते आणि पूर्वी मुद्रित केलेला खऱ्या वाद्याचा स्वर सुमारें आठ सेकंद ऐकूं येतो. शिवाय ही मंडळी चार मात्रांच्या ठेक्यावर समाधान मानीत नाहींत. पांच, सात अशा विषम मात्रांशीं त्यांची सलगी असते. सात मात्रा म्हणजे आमचा रूपकच कीं! येथें माझा निम्मा आकस गळाला.

उरलेला गळाला तो निराळ्या कारणानें. 'फिर्दौस'मध्यें एक सलग कथा आहे. परंतु चकतीवर गीतें कथेच्या क्रमानें मुद्दामच लाविलेलीं नाहींत. गीतांतील आणि वेष्टनावरील खुणांवरून तो क्रम श्रोत्यानें स्वतः शोधावयाचा. हें ऐकून मी सरसावून बसलों. पस्तीस वर्षें मीं मुलांना दुसरें काय शिकविलें? कवि छंदासाठीं पदें मागेंपुढें ठेवतो. वाचकानें कर्ता कोण, क्रिया कोणती, हें पाहून तीं पुनः जुळवावयाचीं. यालाच आपण अन्वय म्हणतों. अन्वय चुकला कीं एकही शब्द न बदलतां सारा अर्थ फिरतो.

तीन संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं कागदावर क्रम मांडले. 'माया' आणि 'मुक्ति' हीं त्यांतील दोन गीतांचीं नांवें. मीं अर्थातच माया आधीं घातली आणि मुक्ति शेवटीं. नातू म्हणाला, "आजोबा, असेंच कशावरून? तुम्हांला तें पाठ आहे म्हणून?"

उत्तर मला सुचलें नाहीं. त्या रात्रीं झोंपहि आली नाहीं. कारण मनांत एक दुसराच पाठ केलेला अन्वय उभा राहिला होता.

२००३ सालीं चिरंजीव बारावींत नापास झाले. त्यांच्याजवळ एक गिटार होती. गिटार आली, लक्ष उडालें, गुण घसरले, असा क्रम मीं त्या वेळीं लाविला आणि गिटार विकून टाकविली. पुढील वर्षीं ते उत्तीर्ण झाले, नोकरीस लागले. माझा निर्णय योग्य ठरला, असें मी वीस वर्षें आल्यागेल्याला सांगत आलों. चिरंजीवांनीं कधीं प्रतिवाद केला नाहीं. त्यांचा तो मान्यतेचा मुकेपणा आहे, असें मीं समजलों.

माझ्या जमाखर्चाच्या वह्या माळ्यावरून नुकत्याच उतरल्या होत्या. पहांटे उठून २००२ ची वही काढली. ऑक्टोबरच्या पानाच्या कडेला माझ्याच अक्षरांत सहामाही परीक्षेचे गुण होते: गणितांत शंभरांपैकीं २९. गिटारीचे १,५०० रुपये मातोश्रींनीं नातवाला दिले, ती नोंद मात्र डिसेंबरांत होती. गुण आधीं पडले होते. गिटार नंतर आली होती.

चहाच्या वेळीं वही चिरंजीवांपुढें ठेवली. त्यांनीं पाहिली आणि शांतपणें म्हटलें, "बाबा, त्या वर्षीं मला वर्गांत कांहींच कळत नव्हतें. रात्रीं झोंप लागत नसे. आजीला मी एवढेंच बोललों होतों. गिटार वाजविली कीं तासभर बरें वाटे." थोड्या वेळानें म्हणाले, "तुम्ही विचारलें नव्हतेंत." त्या स्वरांत राग नव्हता, असता तर मला सोपें गेलें असतें.

'फिर्दौस' म्हणजे स्वर्ग. शब्द आपल्याकडे फारसींतून आला. मूळ अवेस्ताभाषेंतील 'पइरिदएझ', म्हणजे भिंतीनें वेढलेली जागा. त्यांतील पूर्वपद म्हणजे आपला 'परि' हा उपसर्ग. उत्तरपद आपल्या 'दिह्' धातूचें सगोत्र, ज्यापासून 'देह' झाला. एकत्र कुटुंबाला आपण नंदनवन म्हणतों. त्यालाहि भिंत असतेच. त्या भिंतीच्या आंत माझ्या मुलानें २०१३ सालीं, स्वतः मिळवता आणि एका मुलाचा बाप असतां, एक चकती माळ्यावर लपवून ठेविली होती.

गिटार विकून ९०० रुपये आले आणि ते क्लासच्या फीकडे गेले, ही नोंदहि त्याच वहींत आहे. ती खोडतां येत नाहीं. मात्र आतां रात्रीं जेवणें आटोपलीं कीं आम्ही तिघे त्या संगणकासमोर बसतों. गीतांच्या क्रमाबद्दल बापलेकांचें पटत नाहीं. मी मांडीवर मात्रा मोजीत असतों आणि बहुधा चुकतों. काल चिरंजीव हंसून म्हणाले, "बाबा, तेथें सम नाहीं." आणि माझा हात धरून त्यांनीं ती जागा दाखविली.