वाफसा न येणारी जमीन

नेवासे तालुक्यातील काळ्या रानात ज्याचे बालपण गेले, त्याने समुद्रावरील तेलगळतीच्या अभ्यासात उमेदीची वर्षे घालवावीत, याचे आमच्या गावकऱ्यांना आजही नवल वाटते. तथापि या शास्त्रातील सर्वांत मोलाचा धडा मला शेताच्या बांधावरच मिळाला, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो. पाऊस उघडला तरी जमिनीला वाफसा येईपर्यंत, म्हणजे जादा ओल ओसरून ती मशागतीजोगी होईपर्यंत, वडील आम्हांला रानात पाऊल टाकू देत नसत. कारण ओली काळी माती तुडवली की दबते, तिच्यातील हवा निघून जाते आणि मग ती नांगराच्या फाळालाही दाद देत नाही.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी, न्हावा-शेवा सोडून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया’ ही जहाजे परस्परांवर आदळली, चित्रा एका कुशीवर कलंडले, त्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात पडले आणि गळती थांबेपर्यंत सुमारे ८०० टन तेल पाण्यात मिसळले. आषाढी अमावास्या तीन दिवसांवर आलेली. त्यामुळे उधाणाच्या भरतीने तो काळा लोंढा उरण, घारापुरी, शिवडी येथील खाजणांत आणि खाली अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत नेऊन पोहोचवला. नारळी पौर्णिमा २४ तारखेस होती, आणि होड्या डागडुजी करून सज्ज ठेवलेल्या कोळीवाड्यांना मासळीच्या हंगामापूर्वीच ही आपत्ती पाहावी लागली.

जहाजाचे जड इंधन पेट्रोलसारखे उडून जात नाही. लाटांनी ते घुसळले जाते, त्यात पाणी शिरते आणि तपकिरी लोण्यासारखा असा चिकट गोळा बनतो, की ज्याचे आकारमान मूळ तेलाच्या तिप्पट-चौपट भरावे. तरंगते अडसर टाकून तेल कोंडावे, तर पावसाळी लाटा ते अडसर ओलांडतात आणि ओहोटीचा प्रवाह तेलाला त्यांच्या खालून ओढून नेतो. तेल विखुरणारी रसायने उथळ पाण्यात फवारली, तर ते नजरेआड होते खरे, परंतु कालवे आणि माशांची पिले यांच्या अंगात उतरते. १९६७ साली ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज फुटले तेव्हा इंग्लंडच्या किनाऱ्यावर तेलापेक्षा अशा रसायनांनीच अधिक जीवहानी केली होती.

मात्र माझा जीव खरा गुंतला आहे तो तिवरांत. चिखलातून वर आलेल्या काड्यांसारख्या मुळांनी हे झाड श्वास घेते, आणि तेलाच्या लेपाने त्यांची सूक्ष्म छिद्रे बुजली की ते गुदमरू लागते. अशा वेळी सद्भावनेने बादल्या घेऊन धावून आलेली मंडळी पाहून मन भरून येते; परंतु त्यांच्या प्रत्येक पावलासरशी वरचे तेल खालच्या गाळात रुतते, तेथे प्राणवायू नसल्यामुळे जीवाणू त्याचा फडशा पाडू शकत नाहीत, आणि चार भरत्यांनी काही अंशी धुऊन जाणारे विष वर्षानुवर्षे टिकून राहते. १९७८ साली ‘अमोको कॅडिझ’ या तेलवाहू जहाजाच्या तेलाने फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील खारी कुरणे माखली, तेव्हा ज्या भागात अवजड यंत्रे घालून माती खरवडली, तो भाग हात न लावलेल्या भागाच्या मागाहून सावरला.

चित्राच्या त्या गळतीच्या वेळी उरणकडील एका खाजणाच्या काठी मी चिखलात उतरू पाहणाऱ्या काही तरुणांना थांबवले, तेव्हा एक वृद्ध कोळीण मला म्हणाली, “मंग आमी नुसतं बगत ऱ्हायाचं का?” तिचा प्रश्न अगदी रास्त होता. खाडीच्या मुखाशी तेल शोषणारे पट्टे बांधणे, तेलाने बरबटलेला कचरा होडीतून वेचणे, भरतीच्या वेळी बाहेरून हलक्या दाबाने पाणी सोडणे, ही कामे तिच्या मुलांना करण्याजोगी होती. परंतु ती त्यांना आधी कोणी शिकवली नव्हती.

पुढे गावी गेल्यावर ही हकीकत सांगितली, तेव्हा वडिलांनी एवढेच विचारले, की त्या चिखलाला वाफसा येतो तरी कधी. कधीच येत नाही, हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

१९९६पासून देशाला तेलगळतीची राष्ट्रीय आपत्कालीन योजना आहे आणि तिचा कारभार तटरक्षक दलाकडे आहे. परंतु खुल्या समुद्रावरील बंदोबस्ताइतकीच तजवीज खाजणांसाठीही हवी. तलाठ्याकडे जसा प्रत्येक गटाचा सातबारा असतो, तशी प्रत्येक खाजणाची नोंद गळतीपूर्वीच तयार असावी: तिवर किती, कालवे कोठे, होडी कोठून आत शिरेल, कोणत्या गावचे कोण मदतीस येतील, आणि पाऊल कोठे मुळीच पडता कामा नये.